कुसुमवहिनींचे ब्रेक

नवी गाडी दिसली की लोक विचारतात, पळते किती? कुसुमवहिनी विचारायच्या, थांबते कशी?

वस्तीवर कुणी पाहुणा जीप नाहीतर फटफटी घेऊन आला की त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येत, पदर सारखा करत आणि चहा घेऊन निघालेल्या पोरीच्या कानात सांगत, "ब्रेक कधी उघडले होते, विचार गं." पुरुषांसमोर जायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून प्रश्न चहाबरोबर बाहेर जायचा. पाहुणे हसायचे. एकदा एका पाहुण्याने "लागतात की चांगले, उघडायचे कशाला?" असा उलट निरोप पाठवला. वहिनींनी आतूनच, पण बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "न लागायच्या आदल्या दिवशीही चांगलेच लागतात."

मी तेव्हा राहुरीच्या बाजूला एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. एकट्या बाईला गावात खोली कोण देणार? शाळेच्या कमिटीवर दादासाहेब होते. मोठे बागायतदार. त्यांनी आपल्या वस्तीवर, बंगल्याच्या मागच्या अंगाला, मला खोली दिली. शाळेत जाताना-येताना गडी सोबत असे. बाकी वेळ मी फाटकाच्या आत. फाटकाच्या आत त्या घरातल्या सगळ्याच बायका होत्या. बाहेर जायचं ते जीपमधून, कुणा पुरुषाबरोबर, लग्नाला नाहीतर मयतीला.

कुसुमवहिनी या दादासाहेबांच्या धाकट्या भावाच्या, विलासरावांच्या पत्नी. त्यांची माझी ओळख झाली ती एका रविवारी सकाळी. बंगल्याशेजारी पत्र्याची एक शेड होती, तिथून हाक आली, "बाई, रिकाम्या आहात का? जरा पाय द्याल?"

मला वाटलं कुणाच्या पोटऱ्या दाबायच्या असतील. जाऊन बघते तर शेडमध्ये बाटलीच्या काचेसारखी हिरवी, दोनच माणसं बसतील अशी बुटकी विलायती गाडी उभी होती. पुढची चाकं काढलेली. एका चाकाच्या जागी, स्वयंपाकाच्या पाटावर बसून, पदर कमरेला खोचलेल्या वहिनी.

"आत बसा. मधला पेडल. मी दाबा म्हटलं की दाबायचा, सोडा म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. ब्रेकमधली हवा काढायचीय."

मी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीच्या स्टिअरिंगमागे बसले. "दाबा... धरा... सोडा." परत "दाबा... धरा..." बराच वेळ आमचं हेच चाललं. शेवटी पेडल पायाखाली दगडासारखा घट्ट झाला आणि वहिनी उठून, कोपराने घाम पुसत म्हणाल्या, "पळणारी गाडी कुणीही विकत घ्यावी. थांबणारी मात्र आपली आपण करावी लागते."

गाडी विलासरावांची. शेतीचं शिकायला ते विलायतेत गेले होते, परत येताना बोटीने ही गाडी आणली. पुढच्या चाकांना तेव्हा आपल्याकडे कुणी न पाहिलेले ब्रेक होते. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारा एक जड लोखंडी ठोकळा असतो. त्याला कॅलिपर म्हणतात. त्याच्या पोटात पिस्टन असतात. पेडल दाबला की ते पुढे सरकतात, तबकडी आवळतात, सोडला की मागे येतात. हे सगळं मला वहिनींनी भाकरीच्या पिठाचा गोळा करून, त्यात बोट खुपसून समजावलं.

विलासरावांची कमरेखालची बाजू गेलेली होती. दिवसभर ते खिडकीशी आरामखुर्चीत पडलेले असत आणि बहुतेक वेळ चिडलेले. चहा गार झाला म्हणून चिडत, गरम आहे म्हणून चिडत. फक्त वहिनींनी चाकं काढली की त्यांचा सूर बदलायचा. शेडसमोरच त्यांची खिडकी. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन ते तिथून मराठीत सांगायचे, "आता बाहेरचं रबर काढायचं. खरवडायचं नाही हं, चरा पडेल." वहिनी खालूनच म्हणायच्या, "माहितीये. पुढचं वाचा." पुढचंही त्यांना माहीत असायचं. तरी वाचायला लावायच्या.

गाडीत मात्र विलासराव बसत नसत. शेडच्या उंबऱ्यापर्यंतही खुर्ची नेऊ देत नसत. का, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. वहिनी काढलेले पिस्टन स्पिरिटने धूत होत्या, मी खिडकीशी उभी होते.

"बाई, मी रोज गाडी पुसायचो," ते म्हणाले. "बॉनेटमध्ये तोंड दिसायचं. मुंबईपर्यंत जाऊन आलो, घाटांत पळवली. चाक एकदाही काढलं नाही. गाडी थोडी डावीकडे ओढायला लागली, तेव्हा म्हटलं, रस्त्यालाच उतार असेल."

एका पावसाळ्याच्या अखेरीला नगरकडून येताना रस्त्यात म्हैस आडवी आली. त्यांनी ब्रेक दाबला. उजव्या चाकाचा ब्रेक लागलाच नाही, डाव्याचा लागला. गाडी गर्रकन डावीकडे वळली आणि कडुनिंबावर गेली. म्हैस तशीच चालत पुढे गेली.

"घरात सगळे म्हणाले, नशीब. मीही म्हणालो, नशीब. हिने तेवढं मानलं नाही."

वहिनी भिंगारच्या. वडील पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी पोरीला कॅम्पातल्या मैदानावर जीप चालवायला शिकवली होती. सासरी ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं आईने निघताना बजावलं होतं. नवरा दवाखान्यात असताना ट्रॅक्टरने ओढून आणलेली गाडी दादासाहेब भंगारात घालायला निघाले, तेव्हा वहिनींनी नवऱ्याकरवी निरोप पाठवून ती थांबवली आणि ती दुरुस्त करायला वडिलांना बोलावून घेतलं. बापलेकीने मिळून चाकं उघडली. उजव्या कॅलिपरमधलं रबर चिरलेलं होतं, त्यातून पाणी शिरलं होतं आणि पिस्टन गंजून आत जाम झाले होते. ब्रेकचं तेल तर चहासारखं काळपट झालेलं. ते तेल हवेतलं पाणी पितं, जुनं झालं की बदलायचं असतं, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

"नशीब नव्हतं ते," वहिनी हातातला पिस्टन उजेडात धरून म्हणाल्या. "गंज होता."

विलासरावांनी खिडकीतून मान आत घेतली. पण थोड्याच वेळाने आतून आवाज आला, "रबराला कोरडं बसवू नकोस. ब्रेकच्या तेलात बुडवून बसव."

मुंबईहून मागवलेली ती रबरी कडी वहिनी आपल्या दागिन्यांच्या डब्यात ठेवायच्या, बोरमाळेच्या शेजारी. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीच्या सुमारास एकदा, अशी त्यांची कॅलिपर उघडायची वेळ ठरलेली होती. पिस्टन काढायला सायकलचा पंप वापरायच्या. पिस्टनवर नख फिरवून बघायच्या. नख अडलं की त्यांचा चेहरा पडायचा. एकदा आमच्या जीपच्या ड्रायव्हरने चांगल्या मनाने, ब्रेकच्या तेलाची डबी थोडी रिकामी दिसली म्हणून, तीत इंजिनाचं तेल ओतलं. वहिनींना पेडलवर पाय ठेवताच कळलं. साध्या तेलाने ते रबर फुगतं. त्यांनी सगळे ब्रेक, नळ्यांसकट, उघडून धुतले आणि दागिन्यांच्या डब्यातली सगळी कडी त्या एका चुकीत संपली. ड्रायव्हरला मात्र एकच वाक्य बोलल्या, तेही थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नींच्या तोंडून, "त्यांना म्हणावं, पाणी घातलं असतंत तर बरं झालं असतं."

आणि हे सगळं कशासाठी? तर बंगल्यापासून कालव्यापर्यंत जाण्यासाठी. तो रस्ता घरच्याच रानातून जाई, म्हणून तेवढी परवानगी होती. संध्याकाळी गडी कामावरून परतायच्या आधी वहिनी गाडी काढायच्या, उसाच्या दोन भिंतींमधून कालव्यावर जायच्या, तिथे वळायच्या आणि परत. दुसऱ्या गिअरच्या वर जायला जागाच नव्हती. फाटकाकडे गाडीचं तोंडही व्हायचं नाही.

जाऊबाई ओट्यावर ज्वारी निवडत हे बघत. एकदा त्या म्हणाल्या, "एवढं घासतीस, पुसतीस. कुटं जायाचं हाय गं तुला?"

"कुठं नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच घासावं लागतं. उभ्या गाडीचे ब्रेक लवकर जाम होतात."

जाऊबाई निवडलेल्या ज्वारीतच परत खडे शोधत राहिल्या.

ऊसतोड चालू होती तेव्हाची गोष्ट. रविवार होता, म्हणून मी घरी होते. सकाळी उन्हं वर आल्यावर रानातून आरडाओरडा ऐकू आला. उसाच्या फडात दादासाहेबांना घोणस चावली होती. गड्यांनी त्यांना बैलगाडीत घालून आणलं. पाय सुजायला लागला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. गावातले डॉक्टर धावत आले, बघून म्हणाले, "लस नगरला मिळेल. इथं थांबून उपयोग नाही." जीप श्रीरामपूरला गेलेली. ट्रॅक्टरने नगर गाठेपर्यंत माणूस राहील की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते, तेवढ्यात शेडमधून इंजिनाचा आवाज आला आणि हिरवी गाडी ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

दादासाहेबांनी त्याही स्थितीत मान फिरवली. धाकट्या भावजयीशी ते आजवर एक शब्द बोललेले नव्हते. तिच्या शेजारी, मांडीला मांडी लागेल अशा गाडीत बसायचं, आणि साऱ्या रस्त्याने लोक बघणार. शिवाय हीच ती गाडी.

तेव्हा जाऊबाई ओरडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बसा की त्यात! जीव चाललाय आन् लाज कसली धरून बसलात?"

दोघा गड्यांनी दादासाहेबांना उचलून आत बसवलं. खिडकीतून विलासराव ओरडले, "कुसुम, घाटात गिअर..." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली. फाटक उघडणारा गडी नंतर कितीतरी वेळ ते लावायचंच विसरला.

रस्त्यात काय झालं ते दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं. वहिनींनी सांगितलं ते असं: "नगर येईपर्यंत ते एकदाच बोलले. 'देवाचं नाव घ्या' म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही घ्या, माझे हात गुंतलेत."

दादासाहेबांनी सांगितलं ते बरे होऊन घरी आल्यावर, ओट्यावर जमलेल्या चारचौघांत. "विळदच्या अलीकडं वळन हाय न्हवं, थितं उसाची बैलगाडी आस मोडून रस्त्यातच बसल्याली. बैलं सुटल्याली. आमी आलो वाऱ्यावानी. म्या डोळं झाकलं. म्हटलं, विलासचं झालं त्येच आता आपलं. आन् बाईनं पाय दाबला." त्यांनी हात नाकासमोर सरळ धरला. "गाडी जाग्याव हुबी. नाकाम्होरं, सरळ. ना हिकडं ना तिकडं. बैलाचं शिंग हाताला लागंल एवढं अंतर."

मागे खिडकीत विलासराव ऐकत होते. त्यांनी तोंडावर पंचा ओढून घेतला.

वहिनी त्या दिवशी दवाखान्यात दादासाहेबांना सोपवून, नातेवाईक आल्यावर, एकट्याच परतल्या होत्या. ऊन कलायच्या आत गाडी शेडमध्ये होती. मी पाणी घेऊन गेले. त्या स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच बसलेल्या.

"घाबरलात का येताना?" मी विचारलं.

"नाही." पाण्याचा तांब्या घेत म्हणाल्या, "नगरात नाक्यावर थांबले होते, बाई. तिथून एक रस्ता पुण्याला जातो. पाटी वाचली. मग आले."

पाणी पिऊन झालं आणि त्या खाली उतरल्या. दोन्ही पुढच्या चाकांवर हाताची मागची बाजू धरून बघितली. एक चाक जास्त तापलं असेल तर आतला पिस्टन मागे सरकत नाहीये, असं समजायचं. दोन्ही सारखी होती.

दादासाहेब घरी आल्यावर मोठा सोहळा झाला. वहिनींना साडीचोळी दिली. गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. सगळ्यांसमोर दादासाहेब म्हणाले, "ही गाडी न्हाई, देवी हाय आपली. उद्यापासनं कालव्याव सुदिक न्यायची न्हाई. झिजंल. शेडला कुलूप घाला. किल्ली माझ्यापाशी ऱ्हाईल. वेळपरसंगाला काढायची, नायतर न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. खरंच नव्हतं. मौल्यवान वस्तू कुलपात ठेवायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मी वहिनींकडे बघितलं. ताटातलं कुंकू त्यांच्या बोटाला तसंच होतं. त्या घरात येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती आणि थोरल्या दिरांसमोर, दिवसाउजेडी, चारचौघांत त्या कधी तोंड उघडून बोलल्या नव्हत्या. त्या पुढे झाल्या. पदर डोक्यावर होता, पण नजर वर होती.

"दादासाहेब, गाडी कुलपात राहिली तर ब्रेक जाम होतात."

जाऊबाईंचा पदर तोंडाशी गेला, पण वहिनी थांबल्या नाहीत.

"आत पाणी धरतं, पिस्टन गंजतात. ब्रेक रोज थोडे, आणि मधूनमधून जोरात लागावे लागतात. घाटापर्यंत तरी जावं लागतं. नाहीतर वेळप्रसंगी तुम्ही किल्ली द्याल, मी गाडी काढीन आणि ती झाडावर जाईल. जाम ब्रेकचं काय होतं ते त्या खिडकीत बसलंय."

फार कठोर बोलल्या होत्या. खिडकीकडे बघायची कुणाची छाती झाली नाही. पण तिथूनच आवाज आला, "बरोबर सांगतेय ती, दादा."

दादासाहेब पायाच्या बँडेजकडे बघत राहिले. मग, वहिनींकडे न बघता, जणू भिंतीला सांगावं तसे म्हणाले, "रविवारच्या रविवार. विळद घाटाच्या पायथ्यापत्तुर. फुडं न्हाई. आन् एकलीनं न्हाई, कुनीतरी शेजारी पायजे."

शेजारी बसायला मी होते. मी त्या घरातली नव्हते, पण त्यांच्या नजरेखाली होते, म्हणून चालले.

ते रविवार मला अजून आठवतात. दुष्काळाच्या कामावरची माणसं रस्त्याकडेला खडी फोडत असायची. गाडी चालवणारी बाई दिसली की त्यांचे हातोडे वरच्या वर थांबायचे. मोकळा रस्ता दिसला की वहिनी स्टिअरिंगवरची पकड सैल करायच्या आणि ब्रेक दाबायच्या. गाडी सरळ थांबली की मान डोलवायच्या. घाटाचा पायथा आला की गाडी कडेला घ्यायच्या, उतरून चाकांवर हात धरायच्या. मग उभ्या राहून वर बघायच्या. रस्ता डोंगरात शिरून दिसेनासा होई.

"वर गेलं तर कुणाला कळणार आहे?" मी एकदा म्हटलं.

"मला कळेल," त्या म्हणाल्या. "एकदा वर गेले की मग इथून वळायला जमणार नाही."

परतताना त्या कधी बोलत नसत. फाटक दिसलं की दुरूनच त्यांचा वेग कमी व्हायचा, ब्रेक न दाबताच.

पुढे माझी बदली अकोले तालुक्यात, राजूरला झाली. निघताना वहिनींनी ओटी भरली आणि म्हणाल्या, "आता रविवारी शेजारी कोण बसणार, बघू." विलासरावांनी खिडकीतून हात वर केला. गाडीबद्दल काही बोलले नाहीत.

वर्षभराने काही कामासाठी मी एसटीने नगरला चालले होते. रविवार होता, पण ते माझ्या ध्यानात नव्हतं. विळद घाटाच्या पायथ्याशी एसटी चढाला लागायच्या आधी हळू झाली आणि कडेला ती हिरवी गाडी उभी दिसली. मी खिडकीतून ओरडले, पण इंजिनाच्या घरघरीत ते कुणाला ऐकू जाणार?

वहिनी स्टिअरिंगमागे होत्या. शेजारच्या सीटवर, उशा लावून, छातीभोवती लुगड्याच्या पट्ट्याने सीटला बांधून घेतलेले विलासराव बसले होते. त्यांचे दोन्ही हात समोरच्या फळीवर घट्ट होते. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे उघडे होते. दोघंही घाटाकडे बघत होते.

मी उठून मागच्या बाकावर गेले, मागच्या काचेतून बघत राहिले. एसटी पहिल्या वळणाला चढली तरी गाडी तिथेच होती. मग ती हलली. वहिनींनी उजवा हात खिडकीबाहेर काढला, पूर्ण लांब करून, वळायचा नीट इशारा केला, आणि गाडी सावकाश फिरवून राहुरीकडे तोंड केलं.

मागेपुढे रस्त्यावर कुणीही नव्हतं.